अर्धा श्वास मागे

साउकाकूच्या कॉफीच्या गाड्यावर ठेवलेल्या फोनमधलं अस्वल म्हणालं, "मला घरी जायचंय." म्हाताऱ्या बाईच्या आवाजात. अजिबात न रडता.

*

गळ्यावर बांधायचा सुती रुमाल रोज उकळावा लागतो. साबण चालत नाही.

*

चोरीच्या सिनेमांच्या साइटवरची यादी. सगळ्यात जास्त पाहिले जाणारे सिनेमे. वर तो जहाज जळण्याचा. मग प्रेतं धावतात तो. मग अस्वलाचा. प्रत्येकाच्या नावापुढे एकच शब्द : मिएन. ज्यापुढे तो शब्द नाही, तो सिनेमा कितीही गाजलेला असो, खाली पडून राहतो.

*

नायक, नायिका, खलनायक, पोलीस, पोरं, सगळ्यांना आवाज एकाच बाईचा. कुत्र्याला नाही. मूळ आवाज मागे बारीक चालू ठेवायचा आणि त्यावर आपल्या भाषेतलं भाषांतर सपाट वाचत जायचं. मरणाऱ्याचं वाक्यही तसंच. पडद्यावरच्या माणसाच्या अर्धा श्वास मागे. पुढे गेलीस तर तू खोटी, असं आई म्हणायची.

*

आई आता काही म्हणत नाही. कर्करोगात तिचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, त्यातून ती श्वास घेते.

*

माझ्या आईचं नाव मिएन.

*

सायगॉन शहराच्या चौथ्या जिल्ह्यात, कालव्याच्या मागच्या गल्लीत आम्ही राहतो. मी जाहिरातींच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करते. आईनं उभं आयुष्य परदेशी सिनेमे वाचले, आधी कॅसेटवाल्यांसाठी, मग टीव्हीसाठी. श्रेयनामावलीत तिचं नाव कधी आलं नाही. आजारी पडल्यावर टीव्हीवाल्यांकडून फळांची एक टोपली आली. तीत अर्धी फळं मेणाची होती, शोभेची.

पहिल्यांदा साउकाकूनंच सांगितलं. बर्फ फोडता फोडता म्हणाली, "तुझ्या आईची कमाल आहे हं क्वेन. एवढं दुखणं, तरी नवा सिनेमा वाचला. मला म्हटली पण नाही."

"ती कशी म्हणेल, काकू?"

साउकाकू थांबली. मग म्हणाली, "हो गं. खरंच की." आणि फोनचा आवाज वाढवला.

जहाज जळण्याचा सिनेमा मागच्याच महिन्यात थिएटरात लागलेला. आईचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालेली.

मला आश्चर्य वाटलं नाही. संताप आला. यंत्राला जुन्या कॅसेटी ऐकवल्या की यंत्र कुणाचाही आवाज काढतं. मी स्वतः साबणाच्या जाहिरातीसाठी ते केलं आहे, त्या नटाच्या परवानगीनं. इथे कुणी कुणाला विचारलं होतं? सिनेमा चोरला, तो चोरला. वर एका मुकी झालेल्या बाईचा घसाही चोरला. आणि गल्ली तो फुकट ऐकत भाताचे घास गिळत होती.

दुपारी सगळी गल्ली आडवी होते. दारं उघडी, पंखे चालू, प्रत्येक उशाशी फोन आणि प्रत्येक फोनमध्ये आई. खरी आई माझ्या शेजारी चटईवर झोपलेली. झोपेत तिचे ओठ हलायचे. सवय असेल, असं मी धरून चालले. उठली की ती तांब्याभर पाणी एका दमात प्यायची. ओठांना भेगा पडलेल्या असायच्या. दिवसेंदिवस वाळत चालली होती. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा आहे.

*

साइट चालवणारा शोधायला फार वेळ लागला नाही. खोय. त्याच्या बापाचं कॅसेटचं दुकान होतं आणि लहानपणी तो आमच्याकडे आईच्या हातची पेज खायला यायचा. आता मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, खिडकीबाहेरचं काही दिसत नाही इतके पडदे, कलिंगडाच्या बियांची टरफलं सगळीकडे.

"या ताई, बसा. पंखा तिकडे वळवू?"

"मी बसायला आले नाही. चोर आहेस तू."

"आहे ना." त्यानं बी फोडली. "सिनेमे चोरतो. सगळं शहर बघतं, तुमच्या स्टुडिओतले साहेबसुद्धा. पण मावशींचा आवाज मी नाही चोरला."

त्याचं म्हणणं असं, की तो सिनेमा चढवतो तेव्हा त्यात फक्त मूळ आवाज असतो. दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर मिएनमावशी वाचत असतात. त्याला वाटायचं, मीच घरून रेकॉर्ड करून गुपचूप घालते. मावशींचं नाव राहावं म्हणून.

मी त्याचे हेडफोन कानाला लावले. खोटं पकडणं हा माझा धंदा आहे.

यंत्राचा श्वास दर वेळी सारखा असतो. हा तसा नव्हता. आणि हा नाकातून येत नव्हता, तोंडातून येत नव्हता. शब्दांच्या खालून बारीक शीळ येत होती. उकळलेल्या रुमालातून गळ्याच्या भोकात हवा जाते, तेव्हा येते तशी. त्याच्या मागे आमच्या पंख्याची कुरकुर.

पडद्यावर कप्तान ओरडला. आई अर्धा श्वास मागे, सपाट : "दोर कापा. बोटी सोडा."

मग पडद्यावर कुणीही न बोलता, तिचाच आवाज : "क्वेन, पंखा कमी कर."

मग पुन्हा कप्तान.

मी मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. त्या वाक्यानंतर कुरकुर मंदावत होती. मागच्या आठवड्यात एका दुपारी मी खरंच उठून पंखा कमी केला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं.

खोय बिया फोडायचा थांबला होता.

"काढ," मी म्हटलं. "सगळे काढ."

"ताई, लोक माझ्या आईबापाचा उद्धार करतील."

"करू देत. बघितलंस तिला? हाडं राहिलीत. तुमच्या करमणुकीसाठी झोपेतसुद्धा राबतेय ती. काढ."

तो एकेक काढत गेला. यादी रिकामी होईपर्यंत मी त्याच्या डोक्याशी उभी राहिले. फार बरं वाटलं.

*

गल्लीत शिरले तेव्हा दुपार होती आणि कुठेच आवाज नव्हता. लोक फोन हलवून बघत होते.

आई चटईवर बसलेली. डोळे उघडे. दोन्ही हात गळ्यावर.

शीळ नव्हती.

मी रुमाल काढला. भोक स्वच्छ होतं. आत काही अडकलं नव्हतं. बोट धरलं. हवा आत जात नव्हती, बाहेर येत नव्हती.

तिचे ओठ जांभळे झाले. ती माझ्याकडे बघत होती.

खोयला फोन लावला. उचलेना.

मी अनवाणी बाहेर पळाले. साउकाकू गाड्याशी बसून कुरकुरत होती, की बाकी सगळं गेलं, नशीब अस्वलाचा आधीच उतरवून ठेवला होता. मी तिच्या हातातून फोन ओढला. ती मागून ओरडत आली.

आवाज पूर्ण वाढवला. फोन आईच्या उशाशी ठेवला.

अस्वल काहीतरी म्हणालं, त्याच्या भाषेत.

मग आई, फोनमधून : "मला घरी जायचंय."

चटईवरच्या आईची छाती वर आली. अर्धा श्वास मागे.

*

खोयचा फोन संध्याकाळी लागला. तोवर अस्वलाचा सिनेमा मी थांबू दिला नाही.

"परत चढव," मी म्हटलं.

"चोर कोण म्हणालं होतं मला?"

"मीच. चढव."

त्याला हे सगळं सांगितलं नाही. तो हसला आणि त्यानं चढवले.

राग गेलेला नाही. साउकाकू म्हणते, पोरी, एवढं जळू नये, पित्त होतं. पण गाड्यावर एखादा माणूस फोन पुढे करून "काय वाचते बाई, वा" म्हणतो, तेव्हा उकळती कॉफी त्याच्या मांडीवर ओतावीशी वाटते. ओतत नाही. त्यानं बघायला हवं. सगळ्यांनी बघायला हवं. नवा सिनेमा आला की गल्लीत दारोदार सांगत जाते. यादीतला एखादा खाली घसरला की मी स्वतः तो पुन्हा पुन्हा लावते, घरच्या फोनवर, स्टुडिओतल्या संगणकांवर.

आई आता बसत नाही. पाण्याचा तांब्या मीच तोंडाला लावते. ओठ झोपेत हलतात, जागेपणीही हलतात.

काल नवीन आला. वाळवंटातला. नायक मरताना दोनच शब्द बोलतो. आईनं ते वाचले. मग एक लांब शांत प्रसंग आहे, नुसती वाळू. त्यावर ती त्याच सपाट आवाजात म्हणाली :

"क्वेन, मला आता थांबायचंय."

मी तोही पुन्हा लावला.

*

ऑपरेशनच्या दिवशी काढलेलं स्वरयंत्र डॉक्टरांनी मला एका ताटलीत दाखवलं होतं. कोंबडीच्या काळजापेक्षा थोडं मोठं होतं.