सुमित नावाचं मशीन

एप्रिलची दुपार होती. सात रस्त्याजवळच्या ऑफिसात एसी नुसताच घरघरत होता आणि बुद्धप्रियाचे डोळे मिटायला आले होते. पहाटे कुंभारी गावातल्या घरात सासूबाईंसाठी भाकरी थापून ठेवायच्या, बस गाठायची, दिवसभर स्क्रीनपुढे बसायचं. दोन वर्षं हेच चाललं होतं.

काम तसं सरळ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारा प्रोग्राम ती लिहायची. प्रोग्राम प्रत्येक कॉम्प्युटरला, म्हणजे मशीनला, तीनदा विचारतो, "आहेस का?" तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, तर ते मेलं असं धरून त्याच जागी, त्याच नावाचं नवं मशीन उभं करतो. हे तपासायला चालू कारखान्यातलं मशीन कोण बंद करू देणार? म्हणून डमी. डमी म्हणजे नुसती फाईल. तिच्यात आपण लिहू तेवढंच ती बोलते. जुन्या डमीची फाईल कोरी, कारण तिनं गप्पच राहायचं. तिच्या जागी येणारी नवी डमी मात्र काहीही विचारा, एकच सांगायची, "सगळं ठीक आहे." तिचं तापमानही कायम थंड, अठरा अंश.

खऱ्या मशीनना नंबर असतात. गल्लत नको म्हणून ऑफिसात डमीला माणसांची नावं देत. कुणी नटाचं देई, कुणी शाळेतल्या मास्तरांचं. दोन वर्षांपूर्वी एमआयडीसीतून घरी येताना ट्रकनं तिच्या नवऱ्याची, सुमितची, बाईक उडवली. तो गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि बुद्धप्रिया कामावर परतली. त्याच दिवशी, कधीच उत्तर न देणाऱ्या मशीनला नाव हवं होतं. बोटांनी आपसूक नवऱ्याचं नाव टाईप केलं. नंतर तिला लाज वाटली, पण पुसायचा धीर झाला नाही.

आज त्याच डमीची टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास. जुन्या डमीनं उत्तर दिलं होतं.

"हाय की."

तिनं फाईल उघडली. कोरी होती. टेस्ट पुन्हा चालवली.

"हाय की."

फोनवर "आहेस का?" असं विचारलं, की सुमित नेहमी हेच म्हणायचा.

"वरद, माझ्या फाईलला हात लावलास का रे?"

"मी कशाला लावू, ताई?" वरद वयानं लहान, पण टीमचा प्रमुख. "पाचला कोड जायलाच पाहिजे. तुमची एकच टेस्ट अडलीय बघा."

तिनं ती अकरा वेळा चालवली. वरदला वाटलं, चूक शोधतेय. ती नुसती वाचत होती. दोन वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं आणि इतकी भीतीही वाटली नव्हती. टेस्ट हिरवी व्हायची तर सुमितनं गप्प बसायला हवं होतं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना ती स्क्रीनजवळ वाकली.

"आता बोलू नकोस रे," ती पुटपुटली. "दमले मी."

पहिल्यांदा विचारलं गेलं. उत्तर नाही.

दुसऱ्यांदा. नाही.

तिसऱ्यांदा. नाही.

टेस्ट हिरवी झाली. खाली नेहमीची ओळ उमटली: जागेवर नवं उभं केलं, नाव सुमित.

"सुटलो बुवा," वरद म्हणाला आणि चहा सांगायला गेला. बुद्धप्रियानं ओढणीनं डोळे पुसले.

फोन वाजला. सासूबाई होत्या, भीमाबाई.

"बाय, लवकर ये. सुमित आलाय."

बुद्धप्रियानं फोन कानाशी घट्ट धरला.

"दारात हुबा हाय. एवढ्या उनातनं आला तरी हात लई गार हायत गं. कुटं हुतास इचारलं, जेवतूस का इचारलं, तर येकच म्हनतोय बग."

मागून आवाज आला. सुमितचाच.

"सगळं ठीक आहे."

हा तिचा सुमित नव्हता. तिचा त्या कोऱ्या फाईलीत होता आणि तिनंच त्याला गप्प केलं होतं. फोन कानाशी तसाच धरून तिनं दुसऱ्या हातानं टेस्ट पुन्हा चालवली. एकदाच बोल, एकदाच.

तीनदा विचारलं गेलं. तीनदा काहीच आलं नाही.

टेस्ट हिरवी झाली.

फोनवर भीमाबाई मध्येच थांबल्या.

"थांब गं बाय," त्या म्हणाल्या. "दार परत वाजतंय."