नकार मागायला आलेला

रात्रपाळी संपवून पौर्णिमा कारंज्याच्या दवाखान्यातून बाहेर पडली, तेव्हा पाय नुसते ओढत होते. छोटी रेल्वे बंद पडून वर्षं लोटली, रुळांमध्ये गवत माजलं, आणि गावाला जायची हीच पायवाट झाली. दोन्हीकडं तूर पिवळी फुलली होती. पण तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. उद्या पाहुणे येणार होते. पाचव्यांदा! पुन्हा साडी, पुन्हा पोहे, पुन्हा कुणीतरी म्हणणार, पोरी, जरा चालून दाखव. अहो, रात्रभर वॉर्डात चालतेच आहे ना ती, पुरे करा की!

"ताई... जय भीम. हाच रस्ता ना गावाले?"

तिनं वळून पाहिलं आणि झोपच उडाली. उद्या पाहायला येणारा मुलगा! मंगरूळपीरचा सतीश. त्याचा फोटो आईच्या मोबाइलवर आठवडाभर फिरत होता. हिचा मात्र आईनं पाठवला नव्हता. पोरीचा फोटो मोबाइलवर पाठवायचा नाही, हा तिच्या आईचा, लिलाबाईंचा कायदा.

"जय भीम. पन ताई नका म्हनू मले."

"काहून?"

"असंच." ओठांवर आलेलं हसू तिनं स्कार्फात लपवलं. "कोनाकडं जाता?"

"लिलाबाईची पौर्णिमा... ओळखता?"

"थोडीशी."

"कशी हाये?"

"थकलेली."

तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "तिले एक सांगाल? उद्या मले... नाई म्हनजो म्हना."

"काहून? दुसरी कोनी हाये?"

"दुसरी कुठची! पुन्याची कंपनी सुटली माही. कंत्राट संपलं. घरचे म्हनतात, लगन होईस्तोवर बोलू नको. बाबासमोर तोंड उघडनं माह्यानं होत नाई... आन् त्या पोरीले फसवनंही होत नाई."

आधीचे चौघे नुसती शेखी मिरवून गेले होते. हा पठ्ठ्या नकार मागायला तंगडतोड करत आला होता! पौर्णिमाला त्याचा राग आला आणि तो आवडलाही, दोन्ही एकदमच. तेवढ्यात ओल्या गवतावरून तिचा पाय घसरला, त्यानं पटकन हात दिला... आणि तिनं तो लगेच सोडला नाही.

"पौर्णिमा मीच."

त्याचे कान लाल झाले. "तुमी? आन् मी ताई म्हनलो!"

"म्हनून तर नका म्हनू म्हनलं."

"मंग... उद्या नाई म्हनता ना?"

"तुमची भीती माह्या तोंडून कायले वदवता? मी नाई म्हनत नाई. तुमी बाबाले खरं सांगा, मंग माहा होकार. नसन जमत तर... आल्या पावली परत जा."

तो जागीच उभा राहिला. तिच्यात मात्र उभं राहायचंही त्राण नव्हतं. ती पुढं चालू लागली. मागं वळून पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं, पण जीव सगळा मागंच अडकला होता.

मग पावलं धावत आली. सतीशनं फोन कानाला लावला होता.

"बाबा, पोरगी रस्त्यातच भेटली. कंत्राट संपल्याचं सांगतलं म्या तिले... हाव, सगळं सांगतलं."

पलीकडची आरडाओरड पौर्णिमालाही ऐकू येत होती. मग ओरडणं थांबलं आणि बाबांनी विचारलं, "मंग... काय म्हनते थे पोरगी?"

सतीशनं तिच्याकडं पाहिलं. पौर्णिमानं खांद्यावरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली.

"म्हनत काई नाई, बाबा... सोबत चालून राह्यली."