नवव्या दिवसाची राख

"माझ्या अंथरुणाशी थबकला आणि तुझ्याकडे वळला! पावलं काय खोटं बोलतात?"

"हळू बोल, ताई. पलीकडच्या भिंतीआड जपानी आहेत."

"असू देत! धाकटी बहीण माझ्या मेलेल्या नवऱ्यालाही सोडत नाही, हे त्यांनाही कळू दे."

मनिलाच्या एर्मिता भागातल्या जळून गेलेल्या घराखाली, तळघरात, रोसेंदा आणि उर्बाना या दोघी बहिणी अकरा दिवस अडकल्या होत्या. रस्त्याच्या एका टोकाला अमेरिकन, दुसऱ्या टोकाला जपानी; मधलं शहर घराघरानं, भिंतीभिंतीनं पडत होतं. गोळा जवळ फुटला की छतातून माती गळायची आणि पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी थरथरायचं. रोसेंदाचा नवरा गाउदेन्सियो पाण्यासाठीच वर गेला आणि विहिरीपाशी गोळी लागून पडला. गोळी कुणाची, देव जाणे. प्रेत अजून तिथंच होतं. वारा फिरला की वास खाली यायचा. उर्बाना नाक दाबायची, रोसेंदा नाही.

काल त्याचा नववा दिवस. मेलेलं माणूस नवव्या दिवशी घरी येऊन जातं, म्हणून वाटेत राख पसरायची, पेज ठेवायची. पेजेला तांदूळ नव्हता. राख मात्र साऱ्या शहराला पुरून उरेल एवढी. जिन्यापासून आपल्या अंथरुणापर्यंत आणि पुढं भिंतीपर्यंत रोसेंदानं ती ओंजळीनं पसरली, धूर सोसेना म्हणून तोंडावर फडकं ओढलं आणि आडवी झाली.

पहाटे कुजबुज ऐकू आली. आवाज त्याचाच... ओल्या मातीखालून आल्यासारखा. मग उर्बानाचं पुटपुटणं. दुसरी बाई असती तर भीतीनं गारठली असती. रोसेंदाच्या मात्र अंगाची आग झाली. दात आवळून ती फडक्याखाली तशीच पडून राहिली. उजाडल्यावर बघते तर राखेत अनवाणी पावलं, डाव्या पायाला अंगठा नाही. बंदरावर तुटलेला गाउदेन्सियोचा तो अंगठा तिनंच परसात पुरला होता.

"लग्नाआधी तुझ्याच खिडकीखाली गायचा ना?" ती आता फुत्कारली. "बाबांनी थोरलीला आधी उजवली, म्हणून माझ्या वाट्याला आला. बारा वर्षं मी त्याचे सदरे धुतले गं, बारा वर्षं! आणि मेल्यावर कुजबुज कुणाशी? तुझ्याशी! काय म्हणाला?"

"नको विचारूस, ताई..."

"गोड बोलला असेल. माझ्याशी कधी बोलला नाही."

"त्याला नीट दिसत नव्हतं... तुझं तोंड झाकलेलं होतं..."

"पुरे तुझ्या सबबी! ऊठ तिथून. आज तुझ्या जागी मी निजणार, तोंड उघडं टाकून. आणि तो आला ना, की नावानं हाक मारणार. बघू कुणाचा आहे तो!"

तिनं उर्बानाची चटई ओढली. उर्बानानं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"तो तुलाच न्यायला आला होता, ताई... तू मेलीस असं सांगून मी त्याला परत पाठवला, तर जिन्यावरनं वळून म्हणाला, 'मग ती मला तिकडं कशी भेटली नाही?'"