मागच्या सीटवरचा मास्तर

माझे देवराव काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. म्हणून सांगतो, हे घडलंय. १९७८ चा मे महिना, भर दुपार, भिलाईजवळच्या नंदिनीची धावपट्टी.

तिथल्या शेडमध्ये एक पिवळं हार्वर्ड उभं होतं. वायुसेनेचे वैमानिक ज्यावर शिकले, ते जुनं विमान. नागपुरात लहानपणी त्याची घरघर ऐकली की काका भरल्या ताटावरून उठून पळायचे. चष्म्यामुळे वैमानिक होता आलं नाही, नंदिनीच्याच खाणीच्या ऑफिसात कारकून झाले. वेड मात्र गेलं नाही.

विमान दुसऱ्या दिवशी भंगारात जाणार होतं. पूर्वी वायुसेनेत मेकॅनिक असलेले त्यांचे मेव्हणे गुलाबराव ते सुटं करत होते. ते म्हणाले, "चला भाऊजी, एकडाव बसून घ्या."

काका पुढच्या सीटवर बसले. लहान पोरासारखे हरखले.

"हे चेल्याची जागा," गुलाबराव म्हणाले. "मास्तर मागं बसते. विमान चालवायचे दोघांचे दांडे आतून जोडलेले राहतात. मास्तरनं दांडा हलवला का आपण दोन्ही हात वर करायचे. विमान त्याचं. मंग तो 'घे' म्हणते, तवा परत आपलं."

ते पाणी आणायला गेले.

आणि डोक्यावरचं काचेचं झाकण... सरकत बंद झालं.

काकांनी ढकललं. हलेना. बुक्के मारले, हाका मारल्या. बाहेर चिटपाखरू नाही. आत भट्टी तापलेली. श्वास पुरेना. इथंच मरतो आता, असं त्यांना वाटलं.

मग मागून आवाज आला...

पट्ट्याचं बक्कल लागल्याचा.

मान वळवायची हिंमत होईना. काकांनी समोरचा दांडा गच्च धरला.

दांडा हलला... दोनदा.

काकांनी सोडला नाही. पुन्हा हलला. घाईनं नाही, शिकवणाऱ्याच्या सबुरीनं.

शेवटी त्यांनी रडत रडत दोन्ही हात वर केले.

झाकण उघडलं.

काका उडी मारून पळत सुटले. गुलाबराव समोर आले. "कावून पळून राहिले, भाऊजी?"

सगळं ऐकून त्यांचा चेहराच उतरला. "मागचा दांडा तं मीच कवाचा काढला..." मग हळूच विचारलं, "त्यानं 'घे' म्हटलं का?"

"नाई. मी थांबलोच नाई."

गुलाबरावांनी आणलेलं पाणी तसंच खाली ठेवलं.

विमान भंगारात गेलं. आठवड्यानं काका सायकलवर निघाले, कॅरिअरवर सहा वर्षांची लेक माधवी. अहिवाऱ्याच्या उतारावर हँडल हललं... दोनदा.

"बाबा, हात कावून सोडले?"

सायकल पडली नाही. उतार संपला, वळण आलं, तिथं ती आपली आपण वळली. घराकडे नाही... धावपट्टीकडे. रिकाम्या शेडपाशी जाऊन थांबली.

त्यानंतर काकांनी कुठल्याच गाडीचं हँडल धरलं नाही. परवा मी विचारलं, "काका, आता तरी भीती गेली का?"

ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले.

"त्यानं अजून 'घे' म्हटलं नाई रे..."