तांबडमाळचं विरजण

"मेल्यांनो, माती आमची आणि औषध तुमचं होय!" यमुताई खैरमोडेने रिकामी बाटली ओट्यावर आपटली. मंगळावरच्या तांबडमाळ वसाहतीत ती खाणकामगारांची खानावळ चालवायची. तिची जीभ तिच्या तिखटापेक्षा झणझणीत, पण आज तिचं काय चुकत होतं?

मंगळाची ओढ पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडीशीच जास्त. अंगावर भार नाही म्हटल्यावर हाडांना वाटतं, आपलं इथे काय काम? ती झिजू लागतात. त्यावर एकच उपाय, अस्थिरस, रोज चमचाभर घ्यायचं औषध. ते बनतं तांबडमाळच्या क्षारापासून. पण क्षार इथल्यांनी खणायचा, औषध पृथ्वीवर करायचं आणि इथे कुणी थेंबभर केलं तर कैद, असा पृथ्वी सरकारचा कायदा! वसाहतीने त्याविरुद्ध अर्ज केला, तर सरकारने बाटल्याच निम्म्या केल्या.

यमुताईची शर्वरी बावीस वर्षांची. तिला पृथ्वीवर डॉक्टरकीला जागा मिळाली होती. येणाऱ्या यानातून निघायचं होतं. पण हाडं भक्कम नसतील तर पोरगी तिथे उभी तरी राहणार कशी?

"यमुताई, मी एक अस्थिजंतू तयार केलाय," वसाहतीचे जीवशास्त्रज्ञ डॉ. पोतनीस हळूच म्हणाले. "जंतू दह्यातलाच, पण अस्थिरस करायला शिकवलेला. दही खाल्लं की तो आतड्यात मुक्काम ठोकतो आणि जन्मभर औषध पुरवतो."

"मग द्या की शर्वरीला!"

"तिला नको. एकदा शिरला की तो निघत नाही. आणि परका जंतू पोटात असलेल्या माणसाला पृथ्वीवर उतरू देत नाहीत."

मग यमुताईने ठरवलं, दही आपण खायचं आणि आपली बाटली लेकीला द्यायची. सोयाच्या दुधाला तिने डॉक्टरांच्या जंतूचं विरजण लावलं आणि भांडं लेकीपासून लांब ठेवलं. पण शेजारीण वाटी घेऊन दारात आली. विरजणाला नाही म्हणायची रीत यमुताईच्या सात पिढ्यांत नव्हती. तिने दिलं, शेजारणीने पुढे दिलं. महिन्याभरात सगळी तांबडमाळ ठणठणीत झाली. आणि एका दुपारी शर्वरी मैत्रिणीकडे दहीभात खाऊन आली.

यान उतरलं, तपासणी झाली आणि शर्वरी अडकली. एकटी नव्हे, सगळं गाव अडकलं. जंतू आला कुठून, ते गावात कुणीही सांगितलं नाही. आदेश आला, तांबडमाळच्या माणसांना पृथ्वी कायमची बंद. क्षाराला बंदी नव्हती, तो भट्टीतून तापवून, जंतू मारून जायचा. उलट हाडं भक्कम झाली म्हणून खाणीतली पाळी दोन तासांनी वाढवली!

"आई, विरजण कुणाकुणाला दिलंस गं?"

"सगळ्यांना. माझ्याच हाताने दिलं गं बाई." यमुताई रडली नाही. संतापाने तिने दुधाचं मोठं पातेलं विरजायला घेतलं.

निघायच्या दिवशी यानाचे अकरा खलाशी खानावळीत जेवायला आले. यमुताई त्याच दह्याचा मठ्ठा घुसळत होती. ते पाहून डॉ. पोतनीस स्वयंपाकघरात धावले.

"अहो, काय करताय? ही नोकरदार माणसं आहेत. यांना घरी उतरू देणार नाहीत!"

"माझ्या लेकीला दिलं का उतरू?"

"सरकार दुसरं यान पाठवेल."

"पाठवू द्या. त्यांनाही वाढीन. जो इथे जेवेल तो इथला."

तिने बाहेर येऊन मठ्ठा वाढला. कप्तानाने पेला संपवून मिशी पुसली. "ताई, झकास! बायकोला शिकवायला हवा. अजून आहे का?"

यमुताईचा हात थांबला. शर्वरीने तिच्या हातातून ओगराळं घेतलं आणि कप्तानाचा पेला काठोकाठ भरला.