चैतीचं एक मत

खोडाळ्याच्या बाजारातून सूर्यमाळला निघालेली जीप भरल्याशिवाय हलणार नव्हती, आणि चैतीच्या शेजारची एकच जागा उरली होती. ती एका तरुणानं घेतली. त्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं करडू होतं, खांद्याला औषधांची पिशवी आणि हातात सलाईनची बाटली. बसल्या बसल्या त्यानं ती बाटली चैतीपुढे धरली.

“जरा उंच धराल का? गचका बसला तर सुई निघेल.”

चैतीनं बाटली धरली. जर्मनीतल्या रुग्णालयात तिनं अशा कितीतरी बाटल्या टांगल्या होत्या, पण शेळीच्या पिल्लासाठी ही पहिलीच. थेंब फार भराभर पडताहेत असं वाटून तिनं अंगठ्यानं नळीवरचं चाक हळूच फिरवलं. त्यानं ते पाहिलं… आणि मग बाटलीऐवजी तिच्याकडेच पाहत राहिला.

“नर्स आहात?”

“हो.”

“मग आपलं खातं एकच. मी ढोरांचा डॉक्टर. तुषार, जामसरचा. उपकार झाले, सिस्टर.”

चैतीला हसू आवरलं नाही. “सिस्टर सोडून दुसरं काहीही म्हणा,” ती म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येताच खिडकीबाहेर बघू लागली. परतीच्या पावसानं डोंगर धुऊन काढला होता. उतारावर सोनकी पिवळीधमक फुलली होती, आणि तिचे कान मात्र लालबुंद झाले होते.

चैती सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरची. ढवळू आणि पोशी यांची एकुलती एक लेक. नागली आणि भातावर जगणाऱ्या त्या दोघांनी तिला आधी आश्रमशाळेत, मग नाशिकला नर्सिंगला घातलं होतं, आणि ती तिथून थेट जर्मनीतल्या एका लहान शहरात पोचली होती. आता महिनाभराच्या रजेवर घरी आली होती.

करडू होतं शेजारच्या बाळी म्हातारीचं. ते दोन दिवसांत उड्या मारू लागलं, तरी ढोरांचा डॉक्टर त्याला तपासायला येतच राहिला. बाळीनं एकदा तोंडावरच विचारलं, की आजार कुणाला आहे, करडाला की डॉक्टरला? तुषारनं मान खाली घालून करडाचे कान पुन्हा एकदा तपासले.

जाता-येता तो चैतीच्या अंगणात टेकायचा. पोशी कोरा चहा करायची. चैती त्याला जर्मन आकडे शिकवायची आणि तो ते कळपातल्या शेळ्यांवर मोजून दाखवायचा, सहानंतर हमखास चुकत. ती हसायला लागली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, मुद्दाम. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एका दुपारी तुषार असाच अंगणात टेकला असताना ती गोष्ट निघाली. चैतीनं तिकडच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. परत गेल्यावर दाखला हातात पडणार होता. ढवळू बाजूला बसून दावं वळत होता. त्यानं हात थांबवला.

तिनं बापाला समजावून सांगितलं. तिच्या वॉर्डातल्या एमिनेचं कुटुंब तुर्कस्तानचं. जुना देश सोडावा लागेल म्हणून एमिने कितीतरी वर्षं तिथं परकी राहिली. आता जर्मनीनं नियम बदलला, तुर्कस्तानाचीही ना नव्हती, आणि तिच्याकडे दोन्ही पासपोर्ट आले. तिथलीच जॉय फिलिपिन्सची. तिचा देश म्हणतो, बाहेरचं नागरिकत्व घे, मग आमची शपथ पुन्हा घे, तू आमचीच. भारताचं तसं नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं त्याच क्षणी संपतं.

“पोरगी सासरी गेली तरी म्हायेर तुटत नाय,” ढवळू म्हणाला. “ह्यो कसला कायदा?”

“तुटत नाही, बाबा. इथलंच सरकार एक कार्ड देतं. कधीही ये, हवं तितकं राहा, कामही कर. माहेरवाशिणीसारखं. फक्त मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमची मला मिळेल, वारसाहक्कानं.”

ढवळूनं पुन्हा दावं वळायला घेतलं. पोशी आत निघून गेली. तुषारनं पिशवी खांद्याला लावली आणि निघाला, आणि चैतीला त्याचं ते निघून जाणं दिवसभर टोचत राहिलं. याला काहीच वाटत नाही? की वाटतंय, म्हणून…?

तो चार दिवस फिरकला नाही. आला तेव्हा घरात न शिरता तिला पांदीपर्यंत चल म्हणाला. दोन्ही बाजूंनी नागली कंबरभर वाढली होती, कणसं ओली होती. चालताना त्यांचे हात एकमेकांना लागत होते, आणि दोघंही ते न कळल्यासारखं करत होते.

“मी सगळं वाचून काढलं,” तो म्हणाला. “तू तिकडचा पासपोर्ट घे, चैती. नाही घेतलास आणि सहा महिन्यांवर इकडे राहिलीस, तर तुझी तिथली परवानगी बहुतेक जाईल. घेतलास, तर दोन्हीकडे ये-जा करशील. इथंही राहू शकशील. आणि तिथंच राहायचं असेल, तर… तिथंही शेळ्या असतीलच ना?”

“आणि तुझे आकडे सहावर अडतात, त्याचं काय?”

“अडू देत. माझ्यामुळे तुझं काही अडू नये, एवढंच.”

चैतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर तिच्याकडे प्रत्येकानं काहीतरी मागितलं होतं, प्रेमानंच, पण मागितलं होतं. याला हवं होतं, ते तर दिसतच होतं. तरी त्यानं मागितलं नव्हतं. तिला वाटलं, याचा हात धरावा. पण मन अजून ठरलं नव्हतं, म्हणून तिनं धरला नाही.

गांधी जयंतीला ग्रामसभा होती. पोशी तिला सोबत घेऊन गेली. पाण्याची नवी टाकी कुठं बांधायची, यावर बोलणं चाललं होतं. रस्त्यालगत खालच्या पाड्यात बांधली तर काम सोपं; वर बांधली तर वरच्या बायकांची उन्हाळ्यातली पायपीट संपणार होती. बोलणं खालच्या पाड्याकडे झुकू लागलं, तशी चैती उठली. आई झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा कसा भरते, रांगेत कशी झोपते, ते तिनं सांगितलं. खालच्या पाड्यातला माघ्या म्हणाला, ही परदेशात राहणारी, हिला कशाला इचारायचं? ग्रामसेवकानं मतदारयादी चाळली आणि सांगितलं, हिचं नाव आहे.

हात वर करायची वेळ आली. पोशीचा हात वर गेला, बाळीचा गेला, आणि त्यांच्यामध्ये चैतीचा. टाकी वर बांधायचं ठरलं. तिच्या हातावाचूनही ठरलंच असतं, इतके हात होते. पण चैतीनं आपला हात सगळ्यात शेवटी खाली घेतला.

सभा सुटल्यावर तुषार दवाखान्याकडे निघाला होता. तिनं त्याला उतारावर गाठलं. धाप लागली होती, तरी ती बोलायची थांबली नाही.

“मी तो दाखला घेणार नाही. तिकडच्या लोकांबद्दल राग नाही रे माझ्या मनात. त्यांनी मला कामाला लावलं, शिकवलं, मी आजारी पडले तेव्हा सूप करून पाजलं. हे सगळं मी त्यांना सांगेन, कबूल केलेलं काम चैत्रापर्यंत पुरं करीन आणि येईन. जव्हारच्या रुग्णालयात नर्सा हव्यातच. पण हे माझं इथलं मत… ते मला सोडवत नाही.”

तुषार ऐकत उभा होता. वाऱ्यानं तिच्या गालावर आलेली बट बाजूला करायला त्याचा हात उठला आणि अर्ध्यातच थांबला.

“हे मी तुझ्यासाठी करत नाही,” ती म्हणाली. “तूच मला तेवढं मोकळं ठेवलंस. त्याचे उपकार कसे मानू, कळत नाही.”

“इथला पासपोर्ट स्वतःसाठी ठेवलास, मत गावासाठी,” तो हळूच म्हणाला. “मग माझ्यासाठी काय ठेवलंस?”

चैतीनं त्याचा अधांतरी राहिलेला हात आपल्या हातात घेतला.

“मी,” ती म्हणाली.