टाकीच्या आतून

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. शेजारच्या ग्लेनिसने हे मला माझ्या बाळाला मांडीवर घेऊन सांगितलं, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

मागच्या वर्षीची तेवीस मार्च. ऊन कलायला लागलेलं.

ग्लेनिस एकसष्ट वर्षांची. ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या टेकड्यांपासून ऑल्बनीच्या समुद्रापर्यंतची हजार किलोमीटरची रानवाट ती एकटी चालत होती. निघताना मुलाने, ब्रेटने, तिच्या पट्ट्याला मदत मागायचं बटण अडकवलं होतं.

"आई, एकदा जरी हे दाबलंस, तर हा हट्ट कायमचा बंद. कबूल?"

"कबूल. आणि नाही दाबलं, तर तू कायमचा गप्प."

त्या दिवशी ती मुक्कामाच्या छपरीशी पोचली तेव्हा तिन्ही बाटल्यांत मिळून दोन घोट उरले होते. पुढचं पाणी बावीस किलोमीटरवर.

छपरीमागे पावसाच्या पाण्याची पत्र्याची टाकी होती. या वाटेवरची माणसं टाकी बोटांनी वाजवून बघतात. पोकळ वाजली तर रिकामी, बद्द वाजली तर पाणी.

ग्लेनिसने वाजवली.

बद्द. अगदी वरपर्यंत बद्द.

तिने तोटी सोडली...

थेंबही नाही.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, रान गप्प झालंय. दिवसभर डोक्यावर कलकलणारे काळे काकाकुवे... एकही नाही.

तिने पुन्हा वाजवली. टक, टक.

आणि आतून...

टक. टक.

तिच्या हातापाशीच. पत्र्याच्या पलीकडून.

हात आपसूक पट्ट्याकडे गेला. बोट बटणावर टेकलं. दाबलं की हेलिकॉप्टर येणार, आणि मग जन्मभर ब्रेटचं "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

पुन्हा टकटक. आता गुडघ्यापाशी... मग टाकीच्या मागच्या अंगाला... मग परत समोर.

ग्लेनिस घाबरली. ते ती कबूल करते. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. नवरा गेल्यापासून जो तो तिला घरी बस म्हणत होता. त्यात आता हे!

तिने टाकीला बुटाची लाथ घातली.

"ए! कोण आहेस रे तू? हे पाणी तुझ्या बापाचं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचं आहे. मी इथून हलायची नाही. वाजव किती वाजवायचं ते!"

टकटक थांबली.



मग तोटी गुरगुरली. आणि पाणी आलं. गार, स्वच्छ.

तिने तिन्ही बाटल्या भरल्या, पोटभर प्यायली आणि खरंच तिथेच झोपली.

सकाळी निघताना, मागून येणाऱ्यांसाठी छपरीतल्या वहीत पाणी किती आहे ते लिहायचं म्हणून तिने टाकी वाजवली.

पोकळ.

वरपासून खालपर्यंत पोकळ. वाकून बघितलं, तर बुडाला हात जाईल एवढी चीर. आत वाळका पाचोळा... आणि कोळ्याची जुनी जाळी.

बाटल्या मात्र भरलेल्या.

तिने वहीत लिहिलं : 'टाकी कोरडी आहे. भरवशावर राहू नका. मला मिळालं, पण भांडून.'

आणि तेच पाणी पीत बावीस किलोमीटर कापले. अकरा दिवसांनी ऑल्बनीला पोचली, बटण न दाबता. ब्रेट फुलं घेऊन उभा होता. तोंडाला कुलूप.

"चव कशी होती गं त्या पाण्याची?" मी विचारलं.

ग्लेनिस पहिल्यांदाच अडखळली. बाळाच्या जावळावरून हात फिरवत राहिली.

"कुणीतरी ओंजळीने पाजल्यासारखी," ती म्हणाली.

येत्या मे महिन्यात ती पुन्हा निघालीय. त्याच वाटेने. एकटीच.

मला मात्र ते ऐकल्यापासून चैन नाही. परवा मी तिच्या पाठपिशवीत गुपचूप पाण्याच्या दोन जादा बाटल्या ठेवल्या.

संध्याकाळी त्या माझ्या उंबऱ्यावर होत्या. तशाच भरलेल्या.